कपिलधारला समुद्र नाही, तरी मी कुरव पक्ष्याच्या मागे का लागलो?



"पेट पास झालो, आता विषय कोणता घेऊ?" हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं. मी विषयांची यादी देत नाही, कारण यादीतून निवडलेला विषय सहा महिन्यांत नकोसा होतो हे मी आजूबाजूला पाहिलं आहे. त्याऐवजी आज तुम्हाला माझ्याच एका चुकीची हकिकत सांगतो. विषय सापडला तो योगायोगाने, पण प्रश्न मात्र मी चुकीचा विचारला होता. तो दुरुस्त करायला दीड वर्ष गेलं. तुमचं तेवढं जाऊ नये, म्हणून हा लेख.

सुरुवात कुठून झाली

आमचं गाव कपिलधारच्या अगदी जवळ. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: बीडपासून साधारण वीस किलोमीटरवर, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या डोंगरात हे ठिकाण आहे. मन्मथस्वामींची समाधी, कार्तिक पौर्णिमेची मोठी यात्रा, आणि पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारी धार. यात्रेला पायी दिंड्या येतात. पाऊस बरा झाला असेल त्या वर्षी येणाऱ्यांना धार दिसते, नाहीतर ओला कडा पाहून लोक दर्शन घेतात आणि परत जातात. आमच्याकडे पाणी हे असंच, पाहुण्यासारखं. आलं तर आलं. समुद्र तर सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरच्या आसपास लांब.

माझी आत्या पैठणकडे, नाथसागराच्या काठच्या गावात दिलेली. एका डिसेंबरात तिच्याकडे गेलो होतो. पहाटे मासेमार जाळी काढून काठावर आले आणि त्यांच्या डोक्यावर पांढऱ्या पक्ष्यांचा एकच गोंधळ सुरू झाला. कर्कश ओरडणं, एकमेकांच्या चोचीतून मासा हिसकावणं, खाली शिटणं. आत्या वाळत घातलेलं लुगडं काढत म्हणाली, "बघ ही समुद्राची पाखरं. दर साली येतेत अन् दर साली माझी धुणी दोनदा धुवायला लावतेत."

मी म्हणालो, "आत्या, समुद्र कुठंय इथं?"

तिने पाण्याकडे हात केला. "मग हे काय हाय? नाव काय ह्याचं? नाथसागरच ना?"

मी हसलो. ते हसणं नंतर महागात पडलं, कारण माझा अख्खा प्रबंध तिच्या त्या एका वाक्यात होता आणि मला ते कळायला वेळ लागला.

आधी पक्षी कोण ते पाहू

हा पक्षी म्हणजे कुरव, इंग्रजी पुस्तकांतला सीगल. मुंबईत गेटवेवरून घारापुरीला किंवा मांडव्याला लाँचने गेला असाल तर हिवाळ्यात लाँचमागे उडणारे आणि लोकांनी फेकलेले वेफर्स हवेतच झेलणारे हेच. आपल्याकडे जास्त दिसतात ते दोन प्रकार: तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा. पहिला लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंचावरच्या तलावांजवळ वीण करतो. दुसऱ्याची वीण युरोप आणि आशियाच्या उत्तरेकडच्या भागात होते. थंडीत दोघेही खाली आपल्याकडे येतात आणि उन्हाळा लागला की परततात.

इथे पहिली गंमत लक्षात घ्या. हिवाळ्यात यांचं डोकं ना तपकिरी असतं ना काळं. ते पांढरं होतं आणि डोळ्यामागे फक्त एक गडद ठिपका उरतो. परत जायची वेळ आली की डोक्यावर पुन्हा रंग चढू लागतो. म्हणजे आपल्याकडच्या मुक्कामातला बराच काळ त्या पक्ष्याला स्वतःचं नाव लागू पडत नाही. नावावर विसंबू नका, हा पहिला धडा मला पक्ष्यानेच दिला.

दुसरी गंमत: "समुद्रपक्षी" म्हणतो आपण, पण तपकिरी डोक्याचा कुरव जन्मतो तोच मुळी समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, डोंगरातल्या तलावाकाठी. त्याला समुद्रच हवा असतो असं नाही. मोठं उघडं पाणी आणि सहज मिळणारं खाद्य असलं की त्याचं भागतं. दख्खनच्या पठारावर असं भलंमोठं उघडं पाणी माणसाने विसाव्या शतकात तयार केलं. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. त्याच्या फुगवट्यावर भिगवण, कुंभारगाव भागात आज रोहित पाहायला येणाऱ्या पर्यटकांच्या होडीभोवती कुरवांचे थवे घिरट्या घालतात. उजनीच्या जलाशयाचं नाव यशवंतसागर. आमच्याकडचा नाथसागर. आपण धरणाच्या पाण्याला सागर म्हणू लागलो आणि सागराकाठचे म्हणून ओळखले जाणारे पक्षी त्यावर दिसू लागले.

धडा पहिला: नावाचा माग काढा

नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. धरण पैठणला, औरंगाबाद जिल्ह्यात (आता छत्रपती संभाजीनगर). पाणी पसरलंय ते त्या जिल्ह्यात आणि अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. मग "जायकवाडी" हे नाव कुठून आलं?

तर जायकवाडी हे आमच्या बीड जिल्ह्यातलं गाव. निजामाच्या हैदराबाद राज्यात गोदावरीवर धरण बांधायचा विचार झाला तेव्हा जागा या गावाजवळ धरली होती. पुढे राज्य बदललं, नव्याने पाहणी झाली आणि जागा नदीच्या वरच्या अंगाला सुमारे शंभर किलोमीटरवर पैठणला गेली. धरण हललं, पण नाव तसंच राहिलं.

संशोधकाला याचा उपयोग काय? दफ्तरात "जायकवाडी" असा शब्द दिसला की लगेच पैठण समजू नका. कागद जुना असेल तर तो वेगळ्या जागेबद्दल, वेगळ्या बुडीत क्षेत्राबद्दल बोलत असू शकतो. मी सुरुवातीला असे दोन काळ एकत्र केले होते, मार्गदर्शकांनी लाल पेनाने गोल केला तेव्हा कळलं. आणि नुसतं "पैठण धरण" शोधलंत तर जुना अर्धा इतिहास हाती लागणारच नाही. एका विषयाची जेवढी नावं असतील तेवढ्या सगळ्या नावांनी शोध घ्या: गावाचं, प्रकल्पाचं, जलाशयाचं, अभयारण्याचं, आणि लोक बोलताना वापरतात ते.

धडा दुसरा: तारखा एका ओळीत मांडा

साधी गोष्ट आहे, पण आपण करत नाही. मी वहीच्या एका पानावर एवढंच लिहिलं:

१९६५ – लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी.
१९७६ – इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन.
१९८६ – जलाशय व परिसर पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर.
२०१७ – अभयारण्याभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना.

मधल्या काळात १९७२ चा दुष्काळ आहे. आमच्या भागातली आजची सत्तरी-ऐंशीतली माणसं तेव्हा दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, माती वाहत होती.

आता या चार ओळींकडे नीट पाहा. धरण पक्ष्यांसाठी बांधलं नव्हतं. ते शेतीला आणि पिण्याला पाणी मिळावं म्हणून बांधलं. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा बांध, सत्तावीस दरवाजे, शंभर टीएमसीहून थोडी जास्त एकूण साठवण, आणि साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या घरातलं पाणी. त्याखाली शंभरावर गावांच्या जमिनी कमीअधिक गेल्या. उजवा कालवा पुढे आमच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या जलाशयापर्यंत येतो. पाणी साठल्यावर उथळ काठ तयार झाले, गाळ बसला, मासे वाढले, आणि पक्षी जमले. अभयारण्य जाहीर झालं ते उद्घाटनानंतर दहा वर्षांनी. म्हणजे ज्याची जमीन पाण्यात गेली तो माणूस काठावर येऊन स्थिरावतोय, तेवढ्यात तो काठ पक्ष्यांसाठी राखीव झाला. तारखा एका ओळीत मांडल्याशिवाय हे दिसत नाही. पक्ष्यांची पुस्तकं १९८६ पासून सुरू होतात, सिंचनाचे अहवाल १९७६ ला टाळ्या वाजवून थांबतात. मधली दहा वर्षं कुणाच्याच प्रकरणात नीट बसत नाहीत, आणि माझ्या आत्याचं सासर नेमकं त्या दहा वर्षांत आहे.

धडा तिसरा: "नोंद नाही" म्हणजे "नव्हतं" नाही

धरणाआधी इथे कुरव येत होते का? हा प्रश्न मला छळत होता. तुम्हाला वाटेल गॅझेटियर उघडायचं की झालं. औरंगाबाद आणि अहमदनगर या दोन्ही जिल्ह्यांची गॅझेटियरं १८८४ मध्ये निघाली आहेत, बीडचं स्वतंत्र गॅझेटियर महाराष्ट्र शासनाने १९६९ मध्ये काढलं. शिवाय मराठवाडा हैदराबाद राज्यात असताना सालिम अलींनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्या राज्याच्या पक्ष्यांचं सर्वेक्षण केलं, ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं.

ही साधनं जरूर वाचा. पण वाचताना विचारा, हे लिहिणारा कुठल्या वाटेने गेला, कुठल्या ऋतूत गेला, आणि कशासाठी गेला? शिकारीच्या दृष्टीने लिहिलेल्या यादीत खाण्यालायक पक्षी आधी येतात. रानातले पक्षी शोधणारा माणूस नदीच्या वाळूवर किती दिवस बसला असेल? यादीत एखादं नाव नसणं हा एका माणसाच्या प्रवासाचा पुरावा असतो, पक्षी नव्हता याचा नाही. उलट यादीत नाव आहे म्हणून आजच्यासारखे थवे होते असंही म्हणता येत नाही.

याचं जगातलं एक छान उदाहरण सांगतो. अमेरिकेत सॉल्ट लेक शहरात, समुद्रापासून खूप आत, कुरव पक्ष्याचं स्मारक आहे, १९१३ सालचं. कथा अशी की १८४८ मध्ये तिथे नव्याने वसलेल्या मॉर्मन लोकांच्या पिकावर किड्यांची धाड आली आणि कुरवांच्या थव्यांनी येऊन किडे खाल्ले, पीक वाचवलं. चमत्कारच. पण १९७० मध्ये विल्यम हार्टली या इतिहासकाराने त्याच वर्षीच्या डायऱ्या, पत्रं आणि अहवाल काढून पाहिले. कुरव आले होते, किडेही खाल्ले होते. मात्र त्या काळच्या कागदांत त्याचा गाजावाजा नंतरच्या कथेइतका नाही, आणि पिकाचं नुकसान थंडीने आणि पाण्याच्या कमतरतेनेही झालं होतं. कथा मोठी झाली ती पुढच्या काळात, सांगता सांगता.

हार्टलींनी कथा खोटी ठरवली नाही, हे लक्षात घ्या. त्यांनी एवढंच विचारलं की कुठली गोष्ट कधी लिहिली गेली. घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलंय, हे प्रत्येक साधनाच्या समासात पेन्सिलने टाका. सवय लागली की तुमचा अर्धा गोंधळ कमी होईल.

माझी चूक

आता मुद्द्यावर येतो. पहिल्या वर्षी मी एक शोधनिबंध लिहिला. शीर्षक भारदस्त होतं, त्यात "मानव-पक्षी संघर्ष" असे शब्द होते. मुलाखतींसाठी प्रश्नावली केली. पहिलाच प्रश्न: "पक्ष्यांचा तुम्हाला काय त्रास होतो?"

लोकांनी भरभरून सांगितलं. कुरव जाळ्यातली चिंगळी पळवतात. पट्टकादंब हिरव्या गव्हात उतरतात. करकोचे हरभऱ्यात येतात. एकाने तर थव्याची नक्कल करून दाखवली. मी खूश. तक्ता भरला, परिसंवादात वाचला, टाळ्या मिळाल्या.

निबंध घेऊन मी आत्याच्या सासऱ्यांकडे गेलो. आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे. जमीन बुडाली तेव्हा घरचा कर्ता माणूस. पाणी उतरलं की उघड्या पडणाऱ्या जमिनीवर, म्हणजे गाळपेरीवर, त्यांनी पुढची कितीतरी वर्षं काढली. मी त्यांना निबंध वाचून दाखवला. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले,

"लिहिलंस ते खरं हाय. पर लेकरा, पाखरानं माझं रान नाही नेलं."

मी गप्प. ते पुढे म्हणाले, "तू पाखराचं इचारलंस, आमी पाखराचं सांगितलं. दुसरं कायी इचारलंच न्हाईस."

सांगतो तुम्हाला, त्या रात्री झोप लागली नाही. प्रश्नावली काढून पाहिली. बावीस प्रश्न, आणि "जमीन" हा शब्द एकदाही नाही. मी उत्तर प्रश्नातच भरून ठेवलं होतं. लोकांनी सभ्यपणे मला हवं ते दिलं होतं.

पुन्हा मुलाखती घेतल्या. यावेळी पहिला प्रश्न एवढाच ठेवला: "पाणी आलं त्या वर्षापासून सांगा." बोलण्यात पक्षी आपोआप येत होते, पण त्यांची जागा बदलली होती. आत्या धुण्याची तक्रार करता करता म्हणाली, कुरव आले की थंडी लागली समजायचं, आणि गेले की पाणी उतरायला लागलं, गाळपेरीची तयारी करायची. ज्या पाखराला ती शिव्या देते तेच तिचं कॅलेंडर आहे. मासेमार म्हणाले, चिंगळी नेतात हो, पण ती किती! खरी चिंता वेगळी: उद्या काठावर येऊ देतील का, होडीला परवानगी मिळेल का, पाणी कुणाला सोडणार.

मी ज्याला संघर्ष म्हटलं होतं त्याला लोकांचा शब्द होता "सोसणं". सहन करणं आणि सोसणं यांत फरक आहे. सहन आपण परक्याला करतो. सोसतो ते घरातलं: सासू, दुष्काळ, पोराचं दुखणं. कुरव त्यांच्या लेखी सोसण्याच्या यादीत होता. ज्यांनी न विचारता जमीन घेतली ते वेगळ्या यादीत होते.

आणि वर्तमान पाहा. या जलाशयावर तरंगता सौरऊर्जा प्रकल्प करायचं ठरलं, तेव्हा त्याला कायदेशीर आव्हान दिलं ते तिथल्या मासेमार समाजाच्या एका समितीने. आधार कशाचा? पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा आणि तिथल्या जैवविविधतेचा. हरित लवादात आणि मग २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांची बाजू टिकली नाही. निकाल योग्य की अयोग्य हा माझा विषय नाही. वीज लागते, सगळ्यांनाच लागते. पण ज्या राखीव क्षेत्राची काठच्या माणसाला एरवी धास्ती, त्याचाच आधार घेऊन मासेमार न्यायालयात उभे राहिले. "माणूस विरुद्ध पक्षी" या माझ्या चौकटीत ही घटना बसवून दाखवा पाहू! नाही बसत. चौकटच चुकीची होती.

धडा चौथा: सगळं छापायचं नसतं

दुसऱ्या फेरीत मला खूप काही कळलं. कोण कुठे पेरतो, कोण कुठे जाळं टाकतो. अभयारण्याच्या हद्दीत यातल्या काही गोष्टींवर उद्या कारवाई होऊ शकते. गावाचं नाव आणि माणसाचं वय दिलं की शोधणाऱ्याला तो माणूस पाच मिनिटांत सापडतो. म्हणून माझ्या प्रबंधात त्या गावाचं नाव नाही. इथेही नाही, आणि मी आत्याचा नेमका तालुकाही सांगितला नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. साधन म्हणून माणूस वापरायचा आणि पदवी घेऊन मोकळं व्हायचं, हे आमच्या बाबांना पहिल्या धरणासारखंच वाटलं असतं.

तुम्ही काय करू शकता

विषय शोधताय ना? मग एवढं करून पाहा. तुमच्या गावात दरवर्षी येणारी आणि लोक कुरकुर करत सोसत असलेली एक गोष्ट निवडा. पक्षी असेल, यात्रेची गर्दी असेल, ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या असतील. तिची सगळी नावं लिहा. तारखा एका ओळीत मांडा. मग दोन तारखांमधली मोकळी जागा शोधा आणि त्या काळात तिथे जगलेल्या माणसाकडे जा. पहिला प्रश्न असा विचारा ज्यात तुमचं उत्तर लपलेलं नाही. आणि लिहून झाल्यावर, छापायच्या आधी, त्याच माणसाला वाचून दाखवा. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. मीही ती जवळपास गाळलीच होती.

यंदा कार्तिकीला कपिलधारला गेलो होतो. धार होती, पातळ का होईना. वर आकाशात घारी फिरत होत्या, कुरव अर्थातच नव्हते. बाजूला उभ्या एका वारकरी आजोबांना विचारलं, पूर्वी धार कशी असायची? ते म्हणाले, "कोणत्या सालचं इचारतोस?"

इतिहासाचा इतका चांगला प्रश्न मला विद्यापीठात कुणी विचारला नव्हता. वही काढली आणि त्यांच्या शेजारी बसलो.